शांतवन डीकन आणि उरलेला चहा

शांतवन डीकन दुसऱ्यांचा उष्टा चहा पीत असत. हे एक वाक्य त्यांच्या स्मरणसभेच्या छापील पत्रकात घालावे, अशी लेखी विनंती मी आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांना तीन वेळा केली आणि तिन्ही वेळा ते गाळण्यात आले. त्याऐवजी छापले काय, तर ‘हसतमुख, मनमिळाऊ व सेवाभावी’. ही तीन विशेषणे आमच्या मंडळीत मेलेल्या प्रत्येक पुरुषाला लावण्यात आलेली आहेत. ज्याने जन्मात कुणाला पाणी विचारले नाही, त्यालाही. मी बेळगावच्या कोर्टात शिरस्तेदार होतो. मुख्य पुरावा काढून घेऊन उरलेली फाईल न्यायाधीशापुढे ठेवणे याला काय म्हणतात, ते मला ठाऊक आहे. तो पुरावा मी येथे दाखल करीत आहे.

शांतवन बेळगावच्याच वडगावात हातमागावर बसत. जन्म निपाणीकडच्या एका खेड्यातला, वाढ मिशनच्या बोर्डिंगात. अंगाने उंच, मागावर बसून बसून पाठीत वाकलेले, पाच मुलांचे बाप. डीकन म्हणजे देवळाचा सेवक. बाके पुसावीत, आजाऱ्यांच्या घरी जावे, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर व प्याला बाकाबाकावर फिरवावा, हे त्याचे काम. प्याला सर्वांना एकच. काळ्या मनुकांचा रस सगळ्यांनी घोट घोट घेतला की तळाशी उरेल तो डीकनने संपवायचा, ही रीत. शांतवनांनी ही रीत देवळाबाहेर आणली, हाच माझा त्यांच्यावरचा मूळ आक्षेप.

लग्न असो, बारसे असो, कुणी ‘साकु’ म्हणून कप खाली ठेवला (आमच्याकडे मराठी माणूसही पोट भरल्याचे कानडीतच सांगतो), की शांतवन तो उचलीत, एका दमात रिकामा करीत आणि म्हणत, “टाकायचं कशापायी?” मिशनच्या मडमसाहेबांनी अर्धी ठेवलेली कॉफीसुद्धा त्यांनी अशीच संपवली. बाईंना वाटले, माणूस तहानलेला आहे. त्यांनी आणखी एक कप मागवला. शांतवनांनी तो नम्रपणे नाकारला. भरलेल्या कपात त्यांना रस नव्हता.

घरी तर सगळाच उलटा कारभार. नवऱ्याच्या ताटात बायकोने जेवावे, ही आपल्याकडची चाल. येथे मार्थाआक्का आधी जेवत आणि शांतवन त्यांच्याच ताटात मागून बसत. गल्लीत हसे होते म्हणून त्या कुरकुरत. शांतवन म्हणत, “हसूं देत की. तू भाकरी राखून ठेवतीस ती माझ्यापायीच न्हवं?” मार्थाआक्का भाकरी मात्र रोज राखून ठेवीत.

आमच्या घराण्याने दोन पिढ्यांपूर्वी धर्म बदलला. उष्ट्याचा विटाळ बदलला नाही, हे मी कबूल करतो. पंचमंडळाच्या एका बैठकीत मी मुद्दा मांडीत असता माझा अर्धा चहा राहिला आणि तो शांतवनांनी माझ्यादेखत प्राशन केला. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना रजिस्टर टपालाने नोटीस पाठवली. पायी पाव तासाचा रस्ता असतानाही रजिस्टरच, कारण पोच हवी होती. माझ्या संमतीवाचून माझा उर्वरित चहा घेण्याचा आपणांस कोणता अधिकार, याचा लेखी खुलासा मी मागितला. खुलासा आला नाही. रविवारी शांतवन स्वतः आले.

“अक्षर लई देखणं हाय, सायेब,” ते म्हणाले. “धाकटीला गिरवायला दिलंय. आणि साखर तर बुडालाच ऱ्हाती बघा. तुमी मोठी माणसं वरचं वरचं पिऊन उठतासा.”

पुढे आणखी आठ नोटिसा गेल्या. धाकटीचे अक्षर फार सुधारले.

दुसऱ्या महायुद्धाच्या चार-पाच वर्षे आधी आमच्या भागात क्षयाचे रोगी वाढले. एकाच प्याल्यातून सर्वांनी पिणे धोक्याचे, असे मी पंचांना पटवले आणि चिटणीस या नात्याने नियमावलीचे चौथे कलम स्वहस्ते लिहिले: क्षयी उपासकाने सामाईक प्याला घेऊ नये, त्यास उपासनेनंतर मागच्या खोलीत वेगळ्या भांड्यातून द्यावे. कलम एकमताने मंजूर झाले. शांतवनांचाही हात वर होता. कलम शहाणपणाचे होते, असे माझे आजही मत आहे.

सात महिन्यांनी भर दुपारी निपाणीची सर्व्हिस मोटार आमच्या कोपऱ्यावर थांबली आणि तीतून माझी मुलगी करुणा उतरली. तिच्या सासऱ्यांची तेथे तंबाखूची वखार होती. बरोबर एक ट्रंक, आणि निराळ्या फडक्यात बांधलेले तिचे ताट, तांब्या व कप. चिठ्ठी नव्हती. तिचा खोकला ऐकल्यावर चिठ्ठीची गरजही नव्हती.

तिची आई आधीच गेलेली. मी मिरजेच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी स्पष्ट सांगितले की औषधाचा उपयोग थोडा. मोकळी हवा आणि पोटभर अन्न. ही जेवली तर वाचेल, नाही जेवली तर नाही.

पहिल्या रविवारी तिला माझ्या कलमाप्रमाणे मागच्या खोलीत नेले. तेथे केरसुण्या आणि फुटके कंदील ठेवलेले असत. तिने काचेच्या वेगळ्या पेल्यातून रस घेतला. घरी येताना ती एवढेच म्हणाली, “आबा, कलमाची भाषा चांगली आहे. तुमचीच ना?” त्यानंतर ती देवळात आली नाही, आणि हळूहळू जेवेनाशी झाली. सकाळची पेज दुपारी मी ओतून देई, दुपारचा भात संध्याकाळी. चहाचा अर्धा कप मोरीत ओतून त्यावर उकळते पाणी घाली. महिनाभरात तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जाऊ लागल्या. मी त्या काळात कलेक्टरांना गटारांविषयी चौदा पत्रे लिहिली. दुसरे काय करावे, ते मला सुचत नव्हते.

एका संध्याकाळी शांतवन सोप्यावर येऊन बसले. करुणाला मागाच्या, पोरांच्या गोष्टी सांगत होते. तिने दोन घोट घेऊन कप खाली ठेवला. मी आतून पाहिले, ते त्यांचा हात कपाकडे जाताना.

“शांतवन, तो कप खाली ठेवा,” मी ओरडलो. “घरी पाच पोरं आहेत तुमची.”

“पोरांची काळजी म्या घेतलीया, सायेब,” ते म्हणाले आणि कप रिकामा केला. मग करुणाकडे वळून त्यांनी तक्रार केली, “साखर कमी हाय. उद्याच्याला जास्ती घालायला सांग तुझ्या आबास्नी.”

करुणा हसली. निपाणीहून आल्यापासून पहिल्यांदा. मी दहावी नोटीस लिहायला घेतली आणि ती पुरी केली नाही. शांतवन दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशीही आले. काय काळजी घेतली आहे, हे मी विचारले नाही. विचारायला हवे होते.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी करुणा त्यांच्या आग्रहाने देवळात आली आणि शेवटच्या बाकावर एकटी बसली. प्याला फिरू लागला. मी पहिल्या बाकावर होतो. पिऊन झाले तरी मान मागे वळवली नाही, कारण प्याला तिला वगळून जाणार, हे मला ठाऊक होते. सर्वांचे झाले. शांतवनांनी वेदीकडे परत यायला हवे होते. त्यांच्या वहाणा नसलेल्या पायांचा आवाज उलट्या दिशेने गेला. देवळात कुणी खोकलेसुद्धा नाही. मग मी वळून पाहिले. करुणा दोन्ही हातांनी प्याला धरून पीत होती. तिने तो परत दिला, आणि शांतवनांनी तेथेच उभे राहून उरलेला सगळा रस पिऊन टाकला.

त्या रात्री करुणाने भाकरी मागितली.

मंगळवारी खजिनदारांची लेखी तक्रार आली. कलम चारचा भंग; डीकनपद काढून घ्यावे. मी चिटणीस, शिवाय कलमाचा लेखक. चार दिवस बसून मी शांतवनांच्या बाजूने अकरा पानांचे निवेदन तयार केले. तिच्यानंतर कुणीही प्याला घेतलेला नाही, सबब कलमाचा हेतू अबाधित आहे, असा माझा बिनतोड मुद्दा होता. हा प्याला तिच्याकडून काढून घेतला, तर करुणा पुन्हा अन्नाला शिवणार नाही, हे मी निवेदनात लिहिले नव्हते. मला दुसरे काहीच दिसत नव्हते.

बैठकीत मी पहिले पान उघडण्याच्या आत शांतवन उठले. “नियम बराबर हाय. म्या मोडला. शिक्षा लिवा.”

बचाव तयार असताना गुन्हा कबूल करणारा अशील मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. मला इतका संताप आला की मी अकराही पाने परत दप्तरात कोंबली. मंडळीचे धर्मगुरू पाळकसाहेब यांनी शांतपणे विचारले, शांतवन, असे का केलेत?

“माझी आई गावची उष्टी गोळा करायची,” शांतवन म्हणाले. “जलमभर लोकांचं खाल्लं तिनं. तिच्या ताटातलं कुणी शिवलं न्हाय. शेवटच्या दुखण्यात तिनं अर्धी पेज टाकली, ती म्या प्यालो. तवा ती हसली. पोरगीबी हसली, सायेब.”

पण कलम ते कलम. एक वर्षासाठी पद काढण्यात आले. तो ठराव मीच लिहिला. त्याखाली माझा विरोध नोंदवला आणि कलम बदलण्याची सूचना तेथेच मांडली: आजारी उपासकास प्याला त्याच्या जागेवर, सर्वांच्या शेवटी द्यावा. ती पाच महिन्यांनी मंजूर झाली. त्याआधी आणि त्यानंतरही शांतवन रोज संध्याकाळी आमच्याकडे येत राहिले. कपातला चहा कमी कमी उरू लागला, आणि एके दिवशी उरलाच नाही. रिकाम्या कपाकडे पाहून ते म्हणाले, “आता माझं काय काम ऱ्हायलं हितं?”

करुणा आज हयात आहे. हा मजकूर तीच स्वच्छ उतरवून देत आहे आणि खजिनदारांविषयीची माझी दोन वाक्ये तिने खोडली आहेत.

शांतवन यंदा गेले. क्षयाने नव्हे, हृदयाने. डॉक्टरचा दाखला मी पाहिला आहे. जाण्याच्या दोन दिवस आधी मी वडगावला गेलो, तेव्हा त्यांना मागाच्या खोलीत निजवले होते. घरात का नाही, असे मी रागाने विचारले. मार्थाआक्का म्हणाल्या, “जागा त्येंचीच हाय ती. तुमच्या करुणाच्या दुखण्यात दीड वरीस हितंच निजायचे. कप-ताट येगळं. पोरांला जवळ घेतलं न्हाय, का माझ्या ताटात जेवले न्हाईत. म्या भाकरी राखून ठेवायची आन् तशीच गाईला घालायची.”

काळजी घेतलीया, सायेब.

मार्थाआक्कांनी त्यांना उठवून चहा दिला. दोन घोटांनंतर त्यांनी मान हलवली आणि कप खाली ठेवला. इतक्या वर्षांत त्या माणसाच्या कपात काही उरलेले मी पाहिले नव्हते. तेही त्या कपाकडेच पाहत होते. मार्थाआक्का तो उचलून मोरीकडे निघाल्या, तेव्हा मी हात पुढे केला. मी पिऊन होईपर्यंत शांतवन पाहत राहिले.

चहा थंड झाला होता. साखर सगळी बुडाला होती.