पुस्तकाचे समान वाटे

धसईच्या पुढे, सिद्धगडाच्या अंगाला असलेल्या उंबरटेप गावाचा व्यक्तिमत्त्व विकास करायचा, असे वरून ठरले. गावाने तशी मागणी केली नव्हती. पण मागणीची वाट बघत बसले तर योजना कशा राबवायच्या? ‘ग्रामीण स्वविकास अभियान’ असे या योजनेचे नाव. तिचे समन्वयक संदेशसाहेब शहापूरहून मोटरसायकलवर आले, सरपंच कविताताईंच्या हाती ‘उठा, कमवा, जुळवा’ नावाचे जाडजूड पुस्तक दिले, देताना फोटो काढला, तो नीट आला नाही म्हणून पुस्तक परत घेऊन पुन्हा दिले, आणि गेले. सवयी, पैसा आणि नातीगोती असे तिन्ही विषय एकाच पुठ्ठ्यात होते. ‘प्रति गाव एक प्रत’ हा नियम होता, आणि लाभ घरटी पोचलाच पाहिजे हाही नियम होता.

शहरात या दोन नियमांवरून एखादी समिती बसली असती. उंबरटेपला त्यात अवघड काही वाटले नाही. गावदेवीच्या जत्रेला बोकड एकच असतो, तरी मटण घरोघर शिजते. जत्रेत वाटे पाडायचा मान धाऊबाबांचा. त्यांनी पुस्तक ठोकळ्यावर ठेवले, कोयत्याला धार लावली आणि अंदाज घेऊन सपासप वाटे पाडले. पळसाच्या पानांवर ते ओळीने मांडले. मुंडी पोलीस पाटलाकडे जाते, तशी प्रस्तावना मुखपृष्ठासकट मनोज पाटलांकडे गेली. जिवलीमावशीच्या पानात शेवटचे कोरे कागद आले. “माझ्या वाट्याला नुस्ती चरबी!” म्हणून ती करवादली आणि त्या कागदांनी तिने संध्याकाळी चूल पेटवली.

मंगेशच्या वाट्याला ‘मदत मागण्याची कला’ हा अध्याय आला, पण अर्धाच. कोयता बरोबर मधून गेला होता.

“बाबा, माझा अध्याय तुटला की!”

“कोयता वजन बघतो रे,” धाऊबाबा म्हणाले. “अध्याय बघत नाय.”

पुस्तकाचे वाटे पाडल्याचे कळल्यावर संदेशसाहेबांना घेरी यायला हवी होती. पण ते मुरलेले समन्वयक होते. त्यांनी अहवालात ‘विकेंद्रित वाचन’ असा शब्द घातला आणि वरून गावाचे अभिनंदन आले. सोबत सूचनाही आली: प्रत्येक कुटुंबाने आपापल्या वाट्याची तंतोतंत अंमलबजावणी करावी, शेजाऱ्याचा अध्याय वाचल्यास तो दुबार लाभ समजण्यात येईल. दुबार लाभ म्हटल्यावर माणसे घाबरली. रेशनकार्डावरून एकदा असेच काहीतरी झाले होते. शेजारघरचे पान वाऱ्याने अंगणात आले तरी बायका डोळे मिटून ते परत नेऊन देत.

अशात आवणीचे दिवस आले. उंबरटेपमध्ये भाताची आवणी सावडीने होते. आज सगळ्यांनी माझ्या खाचरात रोप लावायचे, उद्या सगळ्यांनी तुझ्या. मंगेशचे खाचर चिखलून तयार होते, रोप हातभर वाढले होते. आता ते वेळेत लागले नाही तर जून होणार, फुटवा धरणार नाही, आणि वर्षभराचा तांदूळ जाणार. मंगेशला नीट झोप लागेना. गडी तसा साधा. एरवी त्याने बांधावर उभे राहून “ओ, उद्या माझ्याकडं हां!” अशी आरोळी मारली असती आणि काम झाले असते. पण आता त्याच्यापाशी अध्याय होता. अध्यायात लिहिले होते, की आधी समोरच्याची मनापासून स्तुती करा, मग त्याच्या डोळ्यांत बघून शांत राहा. पुढे काय करायचे ते कोयत्यापलीकडे गेले होते.

पहिल्यांदा तो नवसूकडे गेला. नवसूच्या वाट्याला ‘पैशाला कामाला लावा’ हा भाग होता, म्हणून नवसू ओट्यावर आडवा होता.

“नवसूदादा, तुझे पाय लय मजबूत,” मंगेशने स्तुती केली आणि त्याच्या डोळ्यांत टक लावून बघत राहिला.

नवसू बराच वेळ चुळबुळला. शेवटी म्हणाला, “असा काय बघतो रे? आवणीचं असंल तर आता मी काम करत नाय. माझा पैसा करतो.”

“कुठंय पैसा?”

“कामाला गेलाय ना. अजून परत नाय आला.”

सुनिल आणि जया यांच्या घरी नात्यांचा अध्याय होता: जोडीदाराचे मनापासून ऐकून घ्या. दोघे सकाळपासून समोरासमोर बसून एकमेकांचे ऐकत होते. आपण बोललो तर ऐकण्यात खंड पडेल, म्हणून दोघेही गप्प. चुलीवरचा भात करपला, तोही त्यांनी मन लावून ऐकला. मंगेश मध्ये जाऊन बसला तर त्याचेही ऐकू लागले.

अनिलकडे ‘नाही म्हणण्याचे सामर्थ्य’ होते. बिचारा जन्मभर सगळ्यांना हो म्हणत आलेला. आता त्याला सूर सापडला होता.

“अनिल, उद्या येतोस ना?” डोळ्यांत बघून दमलेल्या मंगेशने सरळच विचारले.

“नाय.”

“बरं, मग नको येऊ.”

“नाय.”

मंगेश आनंदाने उठला, चार पावले गेला आणि परत आला. “म्हंजे येणार?”

“नाय.”

एकटा बाळ्या तेवढा येतो म्हणाला आणि शब्दाला जागला. सकाळी खाचरात उतरला, रोपाची एक काडी लावली, टाळ्या वाजवल्या, स्वतःची पाठ थोपटली आणि बांधावर चढला. त्याच्या अध्यायात मोठ्या कामाची सुरुवात बारक्या सवयीने करा, असे होते.

“आणि बाकीचं खाचर?” मंगेशने रडवेल्या आवाजात विचारले.

“उद्या अजून एक. घाई केली की सवय मोडते, मंगेशदादा.”

मनोज पाटील तर गल्लीत दिसेल त्याचा हात धरून सांगत सुटले होते, “हे पुस्तक तुमचं आयुष्य बदलून टाकणार आहे!” कसे, ते त्यांच्या वाट्यात नव्हते.

नेमके तेव्हाच संदेशसाहेब पाहणीला आले. गावातला एकही माणूस शेतावर नाही, सगळे घरी बसून सुधारतायत, हे पाहून त्यांचा ऊर भरून आला.

“साहेब, माझी आवणी ऱ्हायली,” मंगेश कळवळून म्हणाला. “रोप जून होतंय. घरात पोरं हायत. खायाचं काय?”

“तुमची समस्या आवणीची नाहीच, मंगेशभाऊ. तुमचं वाचन अपुरं आहे. अर्ध्या अध्यायावर माणूस कसा यशस्वी होईल? मी विशेष बाब म्हणून तुम्हाला समग्र वाचनाची परवानगी देतो.”

मंगेशच्या जिवात जीव आला. तो घरोघर फिरला, पानावरचे वाटे गोळा केले आणि पोती शिवायच्या दाभणाने पुस्तक पुन्हा शिवले. मग ते काखेत मारून तो थेट खाचराच्या बांधावर येऊन बसला.

खाचरात त्याची बायको निर्मला आणि जिवलीमावशी केव्हाच वाकल्या होत्या. निर्मलाला कुणी अध्याय दिला नव्हता, कारण वाटा घरटी होता आणि तो मंगेश वाचत होता. दोघींच्या कमरेचे काटे ढिले झाले, तरी एक कोपरा जेमतेम हिरवा झाला होता.

“अवो, उतरा ना खाली!” निर्मला ओरडली. “दोघींच्यानं होतंय का येवढं?”

“आलो गो! येवढं पान होऊ दे.”

“कसलं पान?”

“आळस कसा झटकावा, त्याचं. लय भारी लिवलंय.”

साहेबांनी अख्खे पुस्तक वाचायची परवानगी दिली आहे हे कळताच गाव बांधावर जमा झाले. नवसू आला, अनिल नाही नाही म्हणत आला, सुनिल-जया ऐकायला आले. मंगेश मोठ्याने वाचू लागला. मंडळी माना डोलावत होती. संदेशसाहेबांनी फोटो काढला. मागे दोन बायका वाकलेल्या दिसत होत्या, त्या त्यांनी मोबाइलवरच कापून टाकल्या.

“अवो, ऐकताय ना?” निर्मलाने पुन्हा हाक मारली. आता तिच्या आवाजात राग नव्हता, रडू होते. चिखलाचा हात कपाळाला लावून ती क्षणभर उभी राहिली आणि पुन्हा वाकली.

“आलो, आलो! थोडंच ऱ्हायलंय,” मंगेश म्हणाला आणि त्याने पान उलटले.

एवढे वाचून तुम्ही मंगेशला हसला असाल, तर खुशाल हसा. फक्त मघाशी आतल्या खोलीतून तुम्हालाही कुणीतरी हाक मारली होती. दोनदा. आणि तुम्ही मान वर न करता म्हणालात, “आलो, एवढं वाचून होऊ दे.” आता वाचून झाले आहे, आणि तिकडून येणारी हाकही थांबली आहे.