सेतुमाधवरावांचे उपरणे

श्रीगजाननाला आणि कुलस्वामिनीला वंदन करून लेखणी हाती घेतो. निमित्त असे की, आमच्या शेजारच्या वैदेहीचे लग्न परवा निर्विघ्न पार पडले. मांडव उतरला, पाहुणे आपापल्या गावी गेले. माझ्या गुडघ्यांतून मात्र ते लग्न अद्याप उतरलेले नाही. अंगात शीण असला की मन एकाच ठिकाणी घुटमळते. माझे ते वैदेहीच्या आजोबांच्या, म्हणजे सेतुमाधवरावांच्या, उपरण्यापाशी घुटमळते आहे.

चेन्नईतल्या अड्यारच्या आमच्या इमारतीत त्यांचे दार माझ्या दारासमोर. ते तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले. मी संस्कृत पाठशाळेतून. इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्यांना उपरण्याशिवाय कधी पाहिले नाही, आणि उपरणे जिथे असायला हवे तिथे, खांद्यावर, असलेलेही कधी पाहिले नाही.

पहाटे फिरायला निघताना ते डोक्याला असते, देवळात कमरेला. बँकेत गार हवा सोडतात म्हणून तिथे गळ्याला दोन वेढे. आणि चेन्नईत ज्याला थंडी म्हणण्याची रीत आहे ती मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबराच्या मध्यावर, सुरू झाली, की कानांवरून आणून हनुवटीखाली गाठ. घरात पंखा फिरत असतो आणि त्याखाली नाक व डोळे एवढेच सेतुमाधवराव शिल्लक उरतात. कोपऱ्यावरची भाजीवाली गाठ पाहूनच भाव ठरवते. डोक्याला घट्ट बांधलेले दिसले, की ती कोथिंबीर न मागता देऊन टाकते.

दुसऱ्याच्या गळ्यातले कापडही त्यांना स्वस्थ बसू देत नाही. पुण्याहून आलेल्या दोन मुली खालच्या मजल्यावर राहतात. स्कूटरवरून शोळिंगनल्लूरला कामावर जाताना त्या तोंडाला ओढणी बांधतात. सेतुमाधवराव फाटकातच त्यांना अडवतात.

"थांब गे! हें काय बांधलीस? टोंक चाकांत जाईल. अस्के पदर आंत खूपस, अस्के!"

अस्के म्हणजे सगळे. त्यांच्या घरची मराठी अशी जुनी, तमिळ हेलाची.

"मामा, उशीर होतोय हो! मीटिंग आहे."

"मीटिंग पळून जात नाहीं. कापडास विचारावं, कुठें बसूं म्हणून. तें सांगतं."

कापडाला विचारून होईपर्यंत मीटिंग खरोखरच सुरू झालेली असे. पण संध्याकाळी त्याच मुली नवी ओढणी घेऊन त्यांच्या दाराशी उभ्या दिसत.

एकदा वैदेहीने त्यांना फोनवर एक चलच्चित्र दाखवले. त्यात एक तरुणी एकच स्कार्फ नाना प्रकारे बांधून दाखवीत होती. सेतुमाधवरावांनी चष्मा पुसून ते तीनदा पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी गळ्यात एक विलक्षण गाठ मिरवीत ते दूध आणायला निघाले.

"ही फ्रान्सची गाठ, शास्त्री."

"सुरेख आहे," मी म्हणालो.

"श्वास थोडा अडतो. पर्वाइल्लै, चालतं. सुरेख आहे."

पंधरवड्यात त्यांनी त्या तरुणीची सारी विद्या आत्मसात केली. वैदेही हसून म्हणाली, "ताता, सगळ्या झाल्या, पहिलीच राहिली. नुसतं खांद्यावर टाकायचं. सगळ्यात सोप्पी!"

"ती सोडून दे," ते म्हणाले, आणि फोन तिच्या हाती परत दिला.

यथावकाश वैदेहीचे लग्न ठरले. मुलगा नागपूरकडचा, शोळिंगनल्लूरला नोकरीत. त्याचे आईवडीलही त्याच्याजवळच राहतात. त्यांच्याकडची रीत अशी की, लग्नाआधी वराच्या पित्याने वधूच्या घरातील सर्वांत वडील पुरुषाच्या खांद्यावर रेशमी शेला घालायचा. ही रीत ऐकली आणि सेतुमाधवरावांची सून, वैदेहीची आई पद्मिनी, माझ्याकडे धावत आली.

"मामा, तुम्ही सांगा त्यांना. शेला खांद्यावर राहू द्या म्हणावं, दोन मिनिटं. ते भर मांडवात काढून डोक्याला बांधतील! व्याह्यांना तो अपमान वाटेल, आणि वैदेहीला जन्मभर ऐकावं लागेल. तुमचं ऐकतात ते."

माझे कोणीच ऐकत नाही, हे मी तिला सांगणार होतो. पण तेवढेही बोलण्याचा उत्साह नव्हता. मी उठलो आणि समोरच्या दारात गेलो.

सेतुमाधवराव उपरण्याची घडी करीत बसले होते. मी विषय काढला. त्यांनी घडीवरून हात फिरवला.

"शास्त्री, तुम्ही तर शिकलेले. थोरला भाऊ असतां खांद्यावर घेतात कां?"

ज्याचे वडील किंवा थोरले बंधू हयात आहेत त्याने खांद्यावर उत्तरीय घेऊ नये, असा एक जुना आचार आहे. मी तो पाठशाळेत शिकवला आहे; कोणी आचरताना पाहीन, असे मात्र वाटले नव्हते. परंतु सेतुमाधवरावांचे थोरले बंधू, रघुअण्णा, चेन्नईजवळच्या आवडी गावी कारखान्यात नोकरीला असताना एके दिवशी घरून निघाले ते कामावर पोहोचलेच नाहीत. त्यानंतर त्यांना कोणी पाहिले नाही. या गोष्टीला आता एक पिढी उलटून गेली.

"सेतुमाधवराव," मी हळूच म्हणालो, "इतकी वर्षे ज्याची वार्ता नाही, त्याच्यासाठी शास्त्राने..."

"विधी सांगितलाय. व्हे, ठाऊक आहे. गवताचं माणूस करून जाळायचं. अस्के येऊन सांगून गेले. मी विचारलों, तुम्ही पाह्यलांत कां त्याला मेलेला? उगे बसले." त्यांनी घडी मोडली आणि पुन्हा घातली. "मी खांद्यावर घेतलों, त्या क्षणीं तो गेला. माझ्या हातानं घालवूं कां, शास्त्री?"

माझ्यापाशी वचने होती, त्यांवरील भाष्येही होती. मी पाणी मागितले, प्यायलो आणि घरी आलो.

सेतुमाधवरावांपेक्षा व्याह्यांना समजावणे सोपे जाईल, असा विचार करून दुसऱ्या दिवशी शोळिंगनल्लूरची बस धरली. त्यांचे घर नवव्या मजल्यावर आणि लिफ्ट दुरुस्तीला. परमेश्वराची सहस्रनामे मी सहसा बसून घेतो; त्या दिवशी ती पायरी-पायरीने घेतली. व्याही भला मनुष्य. सगळे ऐकून घेऊन कपाळाला हात लावून बसला.

"पण शेला तर आणून ठेवला न जी. त्याचं काय करू?"

"घेऊन या," मी म्हणालो. त्यापुढचे मलाही ठाऊक नव्हते.

लग्नाच्या दिवशी वाजंत्री थांबली आणि व्याही शेला घेऊन पुढे आले. पद्मिनीने माझ्याकडे पाहिले. सेतुमाधवराव हात जोडून उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी उपरणे कमरेला बांधले होते.

"हा मान माझा नव्हे," ते म्हणाले. "घरचा वडील अण्णा. मी धाकटा."

मांडवात कुजबुज उठली. व्याह्यांनी शेल्याची घडी केली आणि ती सेतुमाधवरावांच्या दोन्ही हातांवर ठेवली.

"मग हा अण्णांचा. आले की माझ्या नावानं द्या जी."

मंगलाष्टके झाली, अक्षता पडल्या. सेतुमाधवराव तेवढा वेळ हात तसेच पुढे धरून उभे होते. कोणी शेला घेऊ पाहिला तर मान हलवीत. जेवणाच्या पंगतीत मी त्यांच्या डावीकडे बसलो. उजवीकडच्या खुर्चीवर त्यांनी शेला ठेवला आणि तिच्यापुढे पान मांडून घेतले. वाढपी त्या पानाशी येऊन अडखळला, तसे ते म्हणाले, "वाढ, वाढ." भात पडला, सांबार पडले. मग पायसाचे भांडे आले आणि वाढप्याने मोठा डाव उचलला. सेतुमाधवरावांनी घाईने त्याचा हात धरला.

"थोडंच घाल, बाबा. आतां वय झालं त्याचं. गोड सोसायचं नाहीं."

वाचकहो, तुमच्या घरातील थोरली माणसे तुमच्या डोळ्यांसमोर म्हातारी होवोत. जी दूर गेली असतील त्यांनाही जिथे असतील तिथे वेळेवर अन्न आणि सावली मिळो. तुमचे आणि तुमच्या कुटुंबीयांचे सर्वदा कल्याण असो.