सापुताऱ्याला हाच रस्ता ना?

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी आमच्या सोसायटीतले आप्पा देवरे नाशिकहून सापुताऱ्याला निघाले आणि दिंडोरी यायच्या आत त्यांनी चार वेळा गाडी थांबवून रस्ता विचारला. गाडीत नकाशा लावलेले दोन फोन होते. रस्ता सरळ होता. तो रुंद केला तेव्हा कामावर देखरेख आप्पांचीच होती. त्यांची सगळी नोकरी रस्त्यांच्या खात्यात गेली.

गाडी आप्पा चालवत होते. शेजारी पुण्याहून आलेला मुलगा नितीन, मागे सून स्मिता आणि मी. मी आप्पांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. आदल्या दिवशी नितीनने मला जिन्यात गाठलं होतं.

"काका, आप्पांना रस्ते आठवत नाहीत. वॉचमन सांगत होता, पोस्टाचा रस्ता पोस्टमनला विचारतात. उद्या तुम्हीही चला. खरंच विसरत असतील तर गाडी विकतो. गिऱ्हाईक सोमवारी येतंय."

आप्पांना यातलं काही माहीत नव्हतं. ते नवा स्वेटर घालून खाली आले होते.

त्यांचं विचारणं सोसायटीला नवं नाही. दूधवाला पिशवी हातात देत असतो आणि ते विचारतात, "दूध आलं का?" मनगटावर घड्याळ असून लिफ्टमध्ये वेळ विचारतात. कुणी हसलं तर उत्तर ठरलेलं: "विचारायला काय जातंय?" मला मात्र त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं. मी वर्तमानपत्रात नोकरी केली, एका शब्दात उत्तर देतो. "तुमच्याकडे बातमी मिळते हो," ते एकदा म्हणाले होते, "गप्पा नाही मिळत."

रस्ता विचारताना ते गाडी पूर्ण बाजूला घेतात, काच खाली करतात आणि आधी नमस्कार करतात. नुसता हात दाखवून पुढे जाणारा माणूस त्यांना चालत नाही. दिंडोरीपुढे मोटारसायकलवर क्रेट बांधलेला एक द्राक्षवाला शेतकरी सापडला.

"सापुताऱ्याला हाच रस्ता ना?"

"सरळच हाय. दुसरा रस्ताच नाय."

"पण हाच ना?"

"हाच ओ."

"बरं, बाग कुठं तुमची? यंदा माल कसाय?"

शेतकऱ्याने मोटारसायकल स्टँडवर लावली. गाडी निघाली तेव्हा स्मिताच्या मांडीवर द्राक्षांचे दोन घड होते.

"आप्पा, फोन सांगतोय ना रस्ता," नितीन म्हणाला.

"तो कधी आलाय इकडं?"

स्मिता माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, "आई होत्या तेव्हा आप्पा कुणाला विचारू द्यायचे नाहीत. आईंनी काच खाली केली की चिडायचे. मी केलेला रस्ता, आणि लोकांना काय विचारतेस म्हणून." काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती.

वणी मागे पडली. डावी-उजवीकडे डोंगर, मधे गव्हाची आणि कांद्याची शेतं. एका हॉटेलसमोर सिमेंटचा जिराफ उभा होता, त्याच्या पोटाखाली फोटो काढायला लोकांची रांग होती. आप्पांनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि स्वतः वेटरकडे गेले. वेटरने उत्तर न देता वर बोट दाखवलं. त्याच्या डोक्यावरच पाटी होती: सापुतारा, आणि पुढे बाण.

"पाटीचं काय सांगता," आप्पा म्हणाले. "पाट्या मीच लावायचो. तुम्ही कुठले?"

नितीनने जिराफाच्या पोटाखालून काळजीने माझ्याकडे पाहिलं. फोटोत त्याचा चेहरा तसाच आला आहे.

बोरगावच्या पुढे रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीची दुकानं लागतात. बांबू, वर हिरवं कापड, पुढे लाल ढीग. एका दुकानापाशी आप्पांनी गाडी थांबवली आणि समोरच्या झाडाखाली बसलेल्या म्हातारीला रस्ता विचारायला रस्ता ओलांडून गेले. नितीन स्ट्रॉबेरी घ्यायला उतरला. मी त्याच्याबरोबर होतो. दुकानातल्या बाईने आधी गाडीकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"आज बाबा माणसं घेऊन आले."

"तुम्ही ओळखता त्यांना?" नितीनने विचारलं.

"दर रविवारी येतात. सापुताऱ्याचा रस्ता विचारतात."

"आणि तुम्ही दर वेळी सांगता?"

"सांगतो ना. माझी सासू सांगते. तिचं कामच हाय ते. मंग बसतात, चहा घेतात, तिच्या गुडघ्याचं विचारतात."

"त्यांना आठवत नाही का रस्ता?"

"आठवत नाय कसा? पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी चाललं व्हतं, तवा आमच्या जीपवाल्याला त्यांनीच दुसरीकडून वाट सांगितली. बोटानं मातीत काढून."

नितीन काही वेळ स्ट्रॉबेरी निवडत राहिला.

"मग पुढे सापुताऱ्याला जातात?"

"नाय. हितूनच मागं फिरतात. एकटं जाऊन काय करू म्हणतात." तिने डबा वर्तमानपत्रात गुंडाळला. "तुमी कोण त्यांचे?"

"मुलगा."

"मंग आज जातील."

आप्पा परत आले. "सरळच आहे म्हणतात," त्यांनी सांगितलं आणि गाडी सुरू केली. नितीनने फोन बंद करून खिशात टाकला. थोडं पुढे एक माणूस दोन बैल घेऊन चालला होता.

"आप्पा, जरा बाजूला घ्या," नितीन म्हणाला. त्याने काच खाली केली. "राम राम. सापुताऱ्याला हाच रस्ता ना?"

"नमस्कार कर आधी," आप्पा म्हणाले.

"राम राम म्हटलं की."

"मग बैलांचं विचार."

नितीनने बैलांचं विचारलं. आम्ही सापुताऱ्याला दुपारी पोचलो. तळ्यात बोटीत बसलो. बोटवाल्याला आप्पांनी तळं कुठंय ते विचारलं.

सोमवारचं गिऱ्हाईक आलं नाही. नितीनने रविवारीच त्याला फोन करून गाडी विकायची नाही म्हणून कळवलं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी माझ्या दाराची बेल वाजली. आप्पा स्वेटर घालून उभे होते. हातात किल्ली होती.

"सापुताऱ्याला कुठून जायचं हो?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, जरा सविस्तर सांगावं लागेल. आणि बूट घातले.