खिंडीतले तीन दिवस

सर तौलनिक साहित्य शिकवत आणि 'साहित्यातला प्रवास' हा त्यांचा खास विषय होता. कुठल्या देशातला नायक घर सोडून का निघतो आणि परतल्यावर त्याला घर परकं का वाटतं, यावर ते तासन्‌तास बोलत. अडचण एकच होती. त्यांना स्वतःला बस लागायची.

अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांचा निम्मा वर्ग डुलक्या घेत होता. सरांच्या तोंडून निघून गेलं, "लग्नानंतरच्या सहलीत मी स्वतः बर्फाच्या खिंडीत तीन दिवस वाट चुकलो होतो." माना वर झाल्या. मग काय, मेंढपाळाची झोपडी आली, गोठलेली बोटं आली.

"आणि मॅडम?" कुणीतरी विचारलं.

"ती खाली लॉजवर पोट धरून कण्हत होती."

घडलं होतं नेमकं उलटं. लग्नानंतरच्या त्या सहलीत खिंडीत वाट चुकली होती बायको. लॉजवर कण्हत पडले होते ते सर.

पुढच्या तुकडीने तोच किस्सा मागितला. नाही कसं म्हणणार? एका विद्यार्थिनीने प्रबंधात त्याचा दाखला दिला. विभागप्रमुखांनी माहितीपत्रकात 'अनुभवी प्रवासी' असं छापलं आणि यंदाच्या चर्चासत्राचं मुख्य भाषणही सरांवर सोपवलं. घरी सरांनी "मीटिंग आहे" एवढंच सांगितलं. पण विभागप्रमुखांनी अगत्याने त्यांच्या बायकोलाही फोन करून बोलावलं होतं.

सर व्यासपीठावर चढले तेव्हा ती पहिल्या रांगेत चष्मा पुसत बसली होती. शेजारचे विभागप्रमुख तिला हळू आवाजात विचारत होते, "वहिनी, आता पोटाचं कसं आहे?"

"माझ्या पोटाला काय झालंय?"

"नाही, त्या लॉजपासून त्रास आहे ना? सर दरवर्षी सांगतात."

बायकोने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि नवऱ्याकडे बघितलं. सरांसमोर छापील भाषण होतं आणि त्यात खिंडीच्या किस्स्याशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

"खिंडीत," सर म्हणाले, "गुडघाभर बर्फ होता."

"कमरेइतका," पहिल्या रांगेतून आवाज आला. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसा, शांत.

"कमरेइतका. आणि झोपडीत एक मेंढपाळ..."

"मेंढपाळीण. म्हातारी होती. तिने मला स्वतःचे मोजे दिले."

'मला' हा शब्द सगळ्यांनी ऐकला. धरणीने पोटात घ्यावं असं सरांना वाटलं, पण पायाखाली धरणी नव्हती, चांगलं सागवानी व्यासपीठ होतं.

"मी खोटं बोलत आलो," ते खाली बघत म्हणाले. "खिंडीत ही होती. लॉजवर मी होतो. अकरा वर्षं हिची गोष्ट मी माझी म्हणून सांगितली आणि माझं पोट हिच्या नावावर खपवलं."

कुणी हसलं नाही, हे जास्त लागलं. विभागप्रमुखांनी माईक तिच्यापुढे धरला. ती चाळीस मिनिटं बोलली. सर व्यासपीठाच्या पायरीवर बसून ऐकत होते. ही गोष्ट आपण तिला कधी पुरती सांगूच दिली नाही, हे त्यांना तिथे कळलं.

शेवटी एका मुलीने विचारलं, "तिसऱ्या दिवशी वाट कशी सापडली?"

बायको जरा घुटमळली. "वाट दुसऱ्याच दिवशी सापडली होती. पण खाली जाऊन कण्हणं ऐकायचं... म्हटलं, एक दिवस राहू या अजून."

आता मात्र सभागृह हसलं.

दोघं चालत घरी निघाले. "रागावलात?" तिने विचारलं.

"मला रागवायला तोंड आहे का?" सर म्हणाले. चार पावलं गेल्यावर त्यांनी चाचरत विचारलं, "त्या जादा दिवशी काय केलंस?"

"ते नाही सांगणार," ती म्हणाली. "उद्या वर्गात सांगाल."