पालमची पाहणी

"दिल्लीला खर्च म्हणजे काय, ते आता आपण शिकवणार!"

पालमच्या बाजारपेठेत भर सकाळी नागनाथनं ही घोषणा केली, तेव्हा त्याच्या हातात वर्तमानपत्र होतं आणि समोर फक्त शेजारचा कापडवाला आश्रुबा होता. पण आवाज असा, की समोर अख्खी लोकसभा बसली असावी!

प्रकरण असं होतं. संसदेत एक नवा कायदा यायचा होता. दुकानदारानं प्रत्येक विक्री तिथल्या तिथं मोबाइलवर नोंदवायची. याचा छोट्या दुकानदाराला खर्च किती पडेल, हे तपासायला खासदारांची समिती बसली होती आणि तिनं पेपरात जाहिरात देऊन लोकांचं म्हणणं मागवलं होतं. नागनाथचं दुकान खिळे, कड्या-कोयंडे, कुलपं आणि ताडपत्र्यांचं. दोन रुपयांचा वायसर विकायचा आणि त्याच्यापायी तीन मिनिटं मोबाइल चिवडत बसायचं, म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला!

आता नागनाथ तसा भला माणूस, पण संशयी. गिऱ्हाइकानं कोरी नोट दिली तर ती कोरी का, म्हणून संशय. मळकी दिली तर मळकी का, म्हणून संशय. बायकोनं, रेणुकानं, चहात साखर जास्त घातली तरी हा विचारायचा, "काय पाहिजे तुला?"

त्यानं सांगितलं, रेणुकानं लिहिलं, आणि चार पानी निवेदन दिल्लीला गेलं. ‘दिवसाला चाळीस गिऱ्हाइकं, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे रोजचे दोन तास पाण्यात.’ आकडे अगदी खरे होते, हे मुद्दाम सांगून ठेवतो.

महिन्याभरानं उत्तर आलं. ‘आपले निवेदन समितीस महत्त्वाचे वाटते. खर्चाची प्रत्यक्ष पाहणी करण्यासाठी दोन अधिकारी येत्या मंगळवारी आपल्या दुकानास भेट देतील.’

रेणुका हरखली. "अवो, दिल्लीहून माणसं यायलेत! पेढे आणा की!"

नागनाथचा चेहरा मात्र उतरला. त्यानं पत्र उलटंसुलटं केलं, पाकिटाचा वास घेतला.

"रेणुका, इथं नळाची तोटी फुटली तर शेजारच्या गल्लीतून कुणी येत न्हाई. पालमच्या खिळेवाल्यासाठी दिल्लीहून कोण येतंय?"

"तुमीच लिवलं न्हवं?"

"तेच तर चुकलं! आपणच लिवून दिलं, चाळीस गिऱ्हाइकं. आता येतील, माल मोजतील अन् म्हणतील, एवढा माल, मग कर एवढाच कामून? ही पाहणी न्हाई, धाड हाय धाड!"

"पण तुमी कर भरलाय ना समदा?"

"भरलाय. पण त्यांना काय म्हाईत?"

या उत्तरावर रेणुकानं कपाळावर हात मारला आणि ती भाकरी थापायला निघून गेली.

सोमवारी नागनाथनं सगळा माल आश्रुबाच्या कडब्याच्या कोठ्यात हलवला. "कुणाला सांगू नको," अशी आश्रुबाला शपथ घातली. आश्रुबानं ती कसोशीनं पाळली. त्यानं फक्त शेजारच्या चपलावाल्याला सांगितलं, आणि तेही ‘कुणाला सांगू नको’ असं बजावूनच! मंगळवारी बघतो तर काय, अख्ख्या बाजारपेठेची शटरं खाली! येणारे-जाणारे हळू आवाजात विचारायला लागले, "कोण वारलं?"

उघडं होतं ते फक्त नागनाथचं दुकान. पत्रच त्याच्या नावाचं, पळणार कुठं? आत रिकाम्या फळ्या, एक स्टूल आणि घामाघूम नागनाथ.

अकराच्या एसटीतून दोघं उतरले. एक सुकेशनी मॅडम, मूळच्या नागपूरच्या, नोकरी दिल्लीत. दुसरे एक साहेब, वेळ मोजायचं घड्याळ घेऊन आलेले.

"काका, तुमचं निवेदन आम्ही तीनदा वाचलं!" मॅडम म्हणाल्या. "आता एक विक्री करून दाखवा. साहेब वेळ मोजतील."

"विक्री? हितं कुठली विक्री?"

"चाळीस गिऱ्हाइकं लिहिली होती ना तुम्ही?"

"ते... ते बायकोचं अक्षर हाय."

तेवढ्यात मागच्या गल्लीतली बायनाबाई आली. वीस वर्षांचं जुनं गिऱ्हाईक. साहेबांनी लगेच घड्याळ चालू केलं.

"नागनाथ, दाराला एक कडी-कोयंडा दे बरं."

"आमी कडी-कोयंडा ठेवत न्हाई."

"आं? परवाच तर कुलूप नेलं तुज्याकून!"

"कुलूप बी ठेवत न्हाई!"

बायनाबाईनं फळ्यांकडं बघितलं, नागनाथकडं बघितलं, आणि म्हातारीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "लेकरा, एवढं वंगाळ झालं अन् सांगितलं बी न्हाईस?" असं म्हणून तिनं कमरेची पिशवी सोडली आणि वीस रुपये त्याच्या हातावर ठेवले.

साहेबांनी घड्याळ थांबवलं. "ही विक्री धरायची का?"

"न्हाई! दान हाय!" नागनाथ ओरडला. साहेबांनी तेही लिहून घेतलं.

बायनाबाई डोळे पुसत गेली. मग मॅडम जरा पुढं झुकून म्हणाल्या, "काका, आम्ही कर खात्याचे नाही. समितीत अर्धे सदस्य म्हणतात, छोट्या दुकानांना यातून वगळा. अर्धे म्हणतात, त्यांना त्रास कसला? आम्हाला एका दुकानाचा खरा आकडा पाहिजे. तो मिळाला तर तुमच्यासारखे सगळे सुटतील. सांगा, रोज किती विक्री होते?"

चाळीस हा शब्द नागनाथच्या अगदी ओठांवर आला. बाईचा चेहरा खरा वाटत होता. फार खरा. सरकारी माणसाचा चेहरा एवढा खरा कसा? झालं! संशय आला.

"शून्य," नागनाथ म्हणाला.

"काल?"

"शून्य."

"आणि दिवाळीला?"

"दिवाळीला तर बिलकुलच न्हाई!"

मॅडमनी सुस्कारा सोडला, वही मिटली आणि बंद शटरं बघत दोघं परत स्टँडकडं गेले. एसटी हलली तशी एकेक शटर वर झालं. "कसं गुंडाळलं!" असं म्हणत नागनाथ बाजारपेठेतून मिरवला. त्या संध्याकाळी त्याला सहा जणांनी चहा पाजला.

चार महिन्यांनी समितीचा अहवाल आला. सगळे दुकानदार नागनाथच्या दारात जमले आणि आश्रुबानं मोठ्यानं वाचायला घेतलं.

‘पालम येथे प्रत्यक्ष पाहणी केली असता बाजारपेठेत कोणताही व्यवहार आढळला नाही. उघड्या असलेल्या एकमेव दुकानात विक्री शून्य असल्याने नोंदणीचा खर्चही शून्य येतो. सबब छोट्या दुकानांना वगळण्याचे कारण दिसत नाही. मोकळेपणाने माहिती दिल्याबद्दल समिती श्री. नागनाथ यांची आभारी आहे.’

चपलावाला म्हणाला, "नागनाथ, आता रोजचे दोन तास माज्या दुकानात मोबाइल चिवडाया तूच बसायचं."

नागनाथनं अहवाल हातात घेतला. नाव त्याचंच होतं, आकडाही त्याचाच. दोन वेळा वाचून त्यानं मान वर केली.

"आश्रुबा, ह्याच्यात कुणाचा तरी हात हाय. मला संशय यायलाय."

"कुणाचा?"

"माजाच."

आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा संशय बरोबर माणसावर गेला होता!