धोतऱ्याचं कुळ

बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिक परीक्षेची फुलं या खेपेला आदल्या संध्याकाळीच घरी आणून ठेवायची असं बसवराजसरांनी ठरवलं, आणि तिथंच घोटाळ्याला सुरुवात झाली.

एरवी फुलं कॉलेजच्या लॅबमध्ये बादलीत असत. पण गेल्या वर्षी ती कुणीतरी खिडकीतून पाहिली, आणि मुलांनी इतकी अचूक उत्तरं लिहिली की सरांना स्वतःच्या शिकवण्याचाच संशय आला. यंदा बाहेरून येणारे परीक्षक कडक. शिवाय सरांची नोकरी कायम करायची की नाही, हे ठरवणाऱ्या समितीवर तेच. परीक्षा झाली की दुपारी ते सरांच्या घरी जेवणार होते.

म्हणून सरांनी रेल्वेलाइनीच्या कडेनं हिंडून फुललेल्या धोतऱ्याच्या फांद्या तोडल्या, ओल्या टॉवेलात गुंडाळल्या आणि न्हाणीत बादलीत ठेवल्या. बायकोला, रत्नम्माला, सांगायचं राहून गेलं. (घरात वनस्पतिशास्त्र बोलायची त्यांची सवयच मोडली होती. ऐकणारं कुणी नव्हतं.)

सकाळी पाहतात तर बादलीत नुसत्या काड्या.

अक्कलकोटहून आलेल्या सासूबाई, शरणम्मा, पूजेला बसल्या होत्या. समोर धोतऱ्याच्या फुलांची रास, आणि सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी.

"सोमवार म्हनून आनलीत न्हवं?" त्या म्हणाल्या. "मी रत्नीला सांगत हुते, तुजा नवरा देवाला मानत न्हाय. चुकलंच माजं. लई मोटं मन हाय तुमचं."

लग्नापासून सासूबाईंच्या तोंडून सरांना मिळालेला हा पहिला चांगला शब्द. आतून रत्नम्मानं डोळे वटारले. सर म्हणाले, "व्हय अव्वा."

पण परीक्षा तोंडावर आलेली. पुन्हा रेल्वेलाइनीला जाऊन यायला वेळ नव्हता. सरांनी डोकं लढवलं. मुलांनी फुलाचं कुळच ओळखायचं ना, मग त्याच कुळातलं दुसरं फूल चालेल. पाच पाकळ्या एकमेकींना जोडलेल्या, पाच पुंकेसर. शेजारच्या निंगव्वाच्या परसात वांगी फुलली होती. सर कात्री घेऊन कुंपणातून आत शिरले.

"मास्तर, वांगी पायजेत तर वांगी न्या की," मागून निंगव्वा म्हणाली. "फुलं कापली तर आमी काय खायाचं?"

"फुलंच हवीत."

"कशाला?"

परीक्षेची गोष्ट फोडायची नाही म्हणून सर म्हणाले, "अव्वांच्या पूजेला."

निंगव्वा तडक पूजेपाशी. "शरणक्का, तुमी शिवाला वांग्याची फुलं वाहता व्हय?"

सासूबाईंनी सरांकडं पाहिलं. सर गुच्छ हातात धरून दारात उभे.

"चालतात," सर म्हणाले. "धोतरा आणि वांगं एकाच कुळातले. सोलॅनेसी."

"एकाच कुळातले?"

"सख्खे भाऊबंद म्हणा ना."

"मंजे वांगंबी शिवाचंच की." सासूबाईंनी कानाला हात लावला. "आनि आमी ते भरून खातो. अजून कोन हाय त्या कुळात?"

इतकी वर्षं सर शिकवत होते, पण 'अजून कोण' असं त्यांना एकाही विद्यार्थ्यानं विचारलं नव्हतं. त्यांना राहवेना. सैपाकघराच्या दारातून रत्नम्मा दोन्ही हातांनी 'पुरे, पुरे' करत होती, पण सर रंगात आले होते.

"बटाटा. टोमॅटो. तंबाखू. ढब्बू मिरची. आपली साधी मिरचीसुद्धा."

सासूबाई उठल्या. टोपलीतली वांगी निंगव्वाच्या ओटीत गेली. बटाटे गेले, टोमॅटो गेले, आणि मिरचीमुळं शेंगाचटणीची बरणीही फडताळात सगळ्यात वर चढली. परीक्षकांसाठी बेत होता भरल्या वांग्यांचा. निंगव्वाची तंबाखूच्या मिश्रीची डबीही जप्त झाली, तेव्हा तिनं सरांकडं असं पाहिलं की सर कॉलेजला मागच्या दारानं गेले.

परीक्षा छान झाली. वांग्याचं फूल ठेवण्याची कल्पना परीक्षकांना फार आवडली. "असं सोपं, घरगुती उदाहरण हवं," ते म्हणाले. रिक्षात सर जमिनीपासून वीतभर वर होते.

परीक्षक कोल्हापूरचे. पानात दोडक्याची भाजी, मुगाचं वरण, कडक भाकरी आणि दही. तिखट म्हणून मिरपूड. त्यांनी पहिला घास घेतला, थांबले आणि हळूच विचारलं, "घरात कुणी आजारी आहे का?"

"न्हाय न्हाय," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "आमच्या जावयांनी सकाळीच कुळं सांगितली, म्हनून लई वस्तू सोडल्या." आणि दोडका वाढता वाढता त्या थबकल्या. "जावई, हे कुटल्या कुळातलं?"

रत्नम्माच्या हातात वरणाचं पातेलं होतं. तिनं सरांकडं पाहिलं. दोडक्याचं कुळ सांगितलं की भोपळा, काकडी, पडवळ, कारलं, कलिंगड एका ओळीत उभं राहणार, आणि उद्यापासून घरात फक्त मूग शिजणार, हे सरांना लख्ख दिसलं.

त्यांनी मान खाली घातली. "मला ठाऊक नाही."

परीक्षकांचा घास हातातच राहिला. बी.एस्सी.च्या मुलाला जे झोपेत यावं ते या माणसाला येत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं.

सासूबाईंना जावयाची दया आली. भाजी वाढून त्या परीक्षकांना म्हणाल्या, "मनाचे लई चांगले हायत. तुमीच जरा शिकवा की त्यांना."