मानसशास्त्राची तोंडओळख

कुत्र्याच्या तोंडाला पाणी का सुटतं, हे सबंध लिपा शहरात माझ्याइतकं छान कुणालाही समजावून सांगता येत नाही! ही फुशारकी नव्हे. फुशारकी मारणाऱ्यांचा मला तिटकारा आहे. मी फक्त खरं आहे ते सांगतो.

माझं नाव क्रिसांतो दिमायुगा. कॉलेजात पहिल्या वर्षाला मी मानसशास्त्राची तोंडओळख शिकवतो. मुलं मला 'सर क्रिस' म्हणतात. बायको मिंडा काय काय म्हणते ते सांगत बसलो तर गोष्ट बाजूलाच राहील. तर, गेल्या वर्षापर्यंत मी तात्पुरता होतो. तात्पुरत्या मास्तराच्या वर्गात एक दिवस डीनबाई येऊन बसतात. तास आवडला तर मास्तर कायम, नाहीतर हाती नारळ. आणि फिलिपिन्सच्या आमच्या बातांगास प्रांतात नारळाला काही तोटा नाही!

दुसरा कुणी घाबरला असता. मी नाही. मी सरळ त्या रशियन डॉक्टरचा कुत्र्याचा प्रयोग निवडला. घंटा वाजवायची आणि कुत्र्याला खायला द्यायचं. पुन्हा घंटा, पुन्हा खाणं. असं चालू ठेवलं की एके दिवशी नुसती घंटा वाजवली तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं.

"पण कुत्रा कुठून आणणार आहेस?" त्या दिवशी सकाळी मिंडानं कॉफी ओतता ओतता विचारलं.

"कुत्रा कशाला? वर्ग आहे ना!"

"आणि डीनबाईंना नाही आवडलं तर?"

"मिंडा, मी माणसाच्या मनाचा अभ्यासक आहे. बाईंचं मन मला तोंडपाठ आहे!"

"माझं झालं नाही ते इतक्या वर्षांत," ती म्हणाली आणि खारवलेल्या मासळीचं ताट माझ्यापुढे आदळलं.

तयारी मी जय्यत केली होती. ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याकडून त्याची जुनी पितळी घंटा आणली होती. आधीच्या प्रत्येक तासाला मी ती वाजवायचो आणि मुलं अर्धी अर्धी कलामान्सी चोखायची. आमची कलामान्सी म्हणजे गोटीएवढं लिंबू, पण आंबटपणा असा की मेलेला माणूससुद्धा तोंड वाकडं करून उठेल! महिनाभर मुलांनी तोंडं वाकडी केली. आता बाईंसमोर नुसती घंटा वाजवायची की अख्ख्या वर्गाच्या तोंडाला पाणी! म्हणून त्या दिवशी मी मुद्दामच एकही कलामान्सी नेली नव्हती.

तासाला डीनबाई आल्या. मॅडम प्युरिता मारालिट, पीएचडी. 'वैज्ञानिक दृष्टी' हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. हातात पर्स, नाकावर चष्मा आणि कडेवर नातू!

"माफ करा हं, सर क्रिस," त्या म्हणाल्या. "पोटपोटला सांभाळणारी मुलगी गावच्या जत्रेला, फिएस्टाला गेलीय. गुणी आहे तो, त्रास नाही देणार."

मी मनातल्या मनात टाळी दिली. आजीचं मन जिंकायचं तर वाट नातवावरून जाते, हे कळायला पुस्तक लागत नाही! मी पोटपोटच्या अगदी जवळ गेलो.

"वा वा वा! काय गुटगुटीत बाळ आहे! आणि गाल बघा गाल, नुसते सिओपाव, वाफाळते मऊ पाव!"

वर्ग एकदम चिडीचूप झाला. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. पहिल्या बाकावरची प्रिन्सेस मालाबानान दबक्या आवाजात म्हणाली, "सर, म्हणा ना!"

"काय म्हणू?"

"'प्वेरा उसोग' म्हणा!"

आता माझ्या लक्षात आलं. तान्ह्या पोराचं कौतुक केलं की पाठोपाठ 'प्वेरा उसोग' म्हणायचं, म्हणजे पोराला दृष्ट लागत नाही. माझी आजी म्हणायची, जीपनी गाडीचा ड्रायव्हर म्हणतो, आमचे पाद्रीबाबासुद्धा हळूच म्हणतात. पण साक्षात 'वैज्ञानिक दृष्टी' समोर उभी असताना मी ते म्हणू? ही तर बाईंनी घेतलेली परीक्षा! मी छाती पुढे काढली.

"मुलांनो, दृष्ट नावाचा प्रकार जगात नाही! हे सगळे मनाचे खेळ. हे बघा, मी म्हणालो नाही. झालं का काही बाळाला?"

झालं!

पोटपोटनं आधी खालचा ओठ बाहेर काढला. मग त्यानं असं भोकाड पसरलं की छतावरची पाल भिंतीवरून खाली आली. तो लालबुंद झाला, पाय आखडून घेतले, आणि मॅडमच्या इस्त्रीच्या ब्लाउजवर दूध ओकला.

"लागली!" मागून कुणीतरी म्हणालं. "सरांची लागली!"

"अरे, गॅस असेल गॅस!" मी ओरडलो.

मॅडम ताडकन उठल्या. त्यांनी पोटपोटचं झबलं वर केलं, ओठांचा चंबू करून ओठांनीच त्याच्या उघड्या पोटाकडे दाखवलं आणि म्हणाल्या, "लावा."

"काय लावू, मॅडम?"

"थुंकी! दुसरं काय लावतात?"

तीही रीत आहे आमच्याकडे. ज्यानं कौतुक केलं त्यानंच आपली थुंकी पोराच्या पोटाला लावायची, की दृष्ट उतरते.

"पण मॅडम, तुमचा तो प्रबंध..."

"प्रबंध कपाटात आहे! नातू माझ्या कडेवर आहे! लावता की नाही?"

तत्त्व तत्त्वाच्या जागी आणि नोकरी नोकरीच्या जागी. मी एका क्षणात तत्त्व सोडलं आणि बोट तोंडात घातलं.

बोट जसं गेलं तसंच कोरडं ठणठणीत बाहेर आलं!

तोंडचं पाणी पळालं, असं आपण सहज बोलून जातो. माझं खरोखरच पळालं होतं! जीभ टाळ्याला खरकट्यासारखी चिकटली. मी गाल आत ओढले, जबडा हलवला, जीभ गरगर फिरवली. काही नाही! पोटपोट किंचाळतोय, मॅडमचे डोळे बारीक होताहेत, आणि मी वर्गापुढे तोंड वेडंवाकडं करत उभा.

"सर क्रिस, माझ्या नातवाला वेडावताय?"

"नाही हो, मॅडम! येत नाहीये!"

"येत नाही? थुंकीसुद्धा येत नाही? एरवी तर पहिल्या बाकावरची मुलं वह्यांनी तोंड झाकून बसतात म्हणे!"

मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीला हात घातला. मॅडमनी ती हिसकावून घेतली. "भेसळ चालणार नाही!"

मागच्या बाकावरचा अर्नुल्फो सज्जन मुलगा. तो उठून म्हणाला, "सर, मी लावू का? माझ्याकडे भरपूर आहे!"

"ज्याची लागली त्याचीच लागते!" मॅडम गरजल्या. मग माझ्याकडे वळून, आवाज उतरवून, म्हणाल्या, "हे बघा. माझ्या नातवासाठी थेंबभर थुंकी ज्याच्यापाशी नाही, त्याच्यासाठी या कॉलेजातही जागा नाही."

पाचावर धारण बसली माझी! बसली तशी तोंडात उरलीसुरली ओलही गेली.

तेवढ्यात प्रिन्सेसला सुचलं. "सर, घंटा!" असं म्हणून तिनं टेबलावरची घंटा उचलली आणि घणाघणा वाजवली.

आणि सांगायला अभिमान वाटतो, प्रयोग सोळा आणे यशस्वी झाला! वर्गातल्या एकूण एक मुलाच्या तोंडाला पाणी सुटलं. सगळ्यांनी एकदम गटकन आवंढा गिळला. अर्नुल्फोच्या तर हनुवटीपर्यंत आलं! कोरडा राहिलो तो मी एकटा. कारण महिनाभर घंटा मी वाजवली होती आणि कलामान्सी त्यांनी चोखली होती. शास्त्र शास्त्राप्रमाणेच वागलं, मी तक्रार कुणाकडे करणार?

"आणखी जोरात वाजव!" कुणीतरी म्हणालं. प्रिन्सेसनं आणखी जोरात वाजवली. त्यासरशी शेजारच्या हिशेबाच्या वर्गाला वाटलं, आइस्क्रीमवाला आला! तो वर्ग बाहेर लोटला. आइस्क्रीम दिसेना, तेव्हा खिडक्यांना लटकून माझ्याकडे बघायला लागला.

"काय चाललंय रे?"

"सर थुंकताहेत."

"कुठाय? काहीच येत नाहीये."

"म्हणून तर बघतोय!"

इतक्या लोकांच्या नजरा तोंडावर खिळल्या तर घागरीतलं पाणीसुद्धा आटेल! मॅडमनी पर्स उचलली. पोटपोटला खांद्यावर टाकला. दाराकडे वळल्या. माझी नोकरी त्यांच्या पाठोपाठ निघाली, ती मला डोळ्यांनी दिसत होती.

"मॅडम, एक मिनिट!" प्रिन्सेस ओरडली. मग ती माझ्याकडे वळली. तिचा चेहरा कसनुसा झाला होता. "सर, रागावू नका हं."

तिनं आपला घडीचा पंखा डोक्यावर उंच धरला आणि मिटला. फट्!

काय सांगू तुम्हाला! माझ्या तोंडात धरण फुटलं! जिभेखालून, गालांतून, कुठून कुठून लोंढे आले. इतकंच नव्हे, माझा उजवा हात आपोआप पुढे आला आणि काहीतरी मिळायची वाट बघत पसरून राहिला.

मॅडमनी पोटपोटचं पोट पुढे केलं. मी डाव्या हाताचं बोट बुडवलं आणि पोटपोटच्या पोटावर असा मळवट भरला की सात पिढ्यांची दृष्ट उतरावी! पोटपोटनं एक हुंदका दिला. मग एक दणदणीत ढेकर. मग तो खुदकन हसला.

खिडक्यांनी टाळ्या वाजवल्या. गॅसच होता, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन! पण त्या वेळी तोंड इतकं भरलं होतं की बोलता आलं नाही.

"प्रिन्सेस," तोंड रिकामं झाल्यावर मी विचारलं, "हा काय प्रकार आहे?"

"सर, आमच्या गटाचा गृहपाठ." ती पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागली. "तुम्हीच सांगितलं होतंत, सहज हाताशी लागेल असा एक प्राणी घ्या आणि त्याला सवय लावा."

आता सगळा उलगडा झाला! प्रिन्सेसच्या आईचा कॉलेजच्या फाटकापाशी तुरोनचा ठेला आहे. गुळसाखरेत घोळवून तळलेली केळ्याची गुंडाळी, वरून कुरकुरीत, आतून लुसलुशीत! रोज तास संपला की प्रिन्सेस फट्कन पंखा मिटायची, डबा उघडायची आणि एक गरमागरम तुरोन माझ्या हातावर ठेवायची. मी समजत होतो, केवढी ही गुरुभक्ती!

"मांजर घेणार होतो, सर," अर्नुल्फो आदरानं म्हणाला. "पण मांजर वेळेवर येत नाही."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला खोलीत बोलावलं. पोटपोट टेबलावर बसून शिक्का चोखत होता. मी दारातूनच हसलो. कौतुक मात्र केलं नाही.

"तुम्हाला कायम करतेय," मॅडम म्हणाल्या.

"मला खात्री होती, मॅडम! कालचा प्रयोग, वर्गाचा प्रतिसाद, शिकवण्याची पद्धत..."

"कुठली पद्धत?" मॅडमनी चष्मा वर सरकवला. "उद्या तुम्ही नोकरी शोधत सेबू बेटावर गेलात आणि पोराला पुन्हा तुमचीच लागली, तर थुंकी मागायला मी काय बोटीनं येऊ? तुम्ही इथंच बरे. हाकेच्या अंतरावर."

घरी येऊन मी मिंडाला सगळं सविस्तर सांगितलं. वरिष्ठांची थुंकी झेलून कायम झालेले आजवर ढिगानं पाहिले. वरिष्ठांनी ज्याची थुंकी झेलली, असा सबंध फिलिपिन्समध्ये मी एकटाच!

मिंडा उठली. आत गेली, नवा कोरा ब्रश घेऊन आली आणि माझ्या हातात देत म्हणाली, "नोकरी आता तोंडावर टिकून आहे ना? मग आजपासून रात्रीचेही दात घासायचे!"